कोळशाच्या रेघा

मोठा धक्का बसला तेव्हा मी कोपरखैरण्याला
वाटाणे सोलत होते. मला काही कळलं नाही.
पंख्याची कडी जरा कुरकुरली, इतकंच.
मग तांडेलचा फोन: मॅडम, शहापूरकडे, तीन पूर्णांक आठ.
वाटाणे दोन दिवस तसेच राहिले.

मोठ्याचं काय, तो एकदाच बोलतो,
आणि तेही सगळं गाव एकदम बोलल्यासारखं.
मला हवे असतात त्याच्यामागून येणारे बारके,
ज्यांना बातमीत कुणी घेत नाही,
ज्यांनी ताटलीसुद्धा धड वाजत नाही.

तिसऱ्या दिवशी करंजपाड्याला यंत्र पुरलं,
बुधीबाई मुकणेंच्या पडवीत, उखळाशेजारी.
उखळाखाली खडक आहे, असं त्या म्हणाल्या,
आणि होता.

बेलापूरच्या ऑफिसात बसून मी लहरी वाचते.
आधी येते ती ढकलणारी, मागून येते ती हलवणारी;
दोघींमधल्या सेकंदांवरून अंतर काढायचं.
शाळेतलं विजेचं आणि गडगडाटाचं गणित,
फक्त खाली तोंड करून.
खडीच्या खाणीतले सुरुंग वेगळे काढायचे:
ते जेवणाच्या सुट्टीआधी होतात, रविवारी होत नाहीत.
जमीन रविवार पाळत नाही.

एकेक ठिपका. पाच किलोमीटर खोल. सहा. साडेपाच.
दोनशे ठिपक्यांपर्यंत नुसता सांडलेला मोहरीचा डबा.
मग पडद्यावर तो ढग फिरवत गेले, फिरवत गेले,
आणि एका कोनात सगळे अचानक एका रेघेत उभे:
पश्चिमेला कललेली, पत्र्याच्या कडेइतकी बारीक फट,
जी कुणी पाहिली नव्हती,
आणि जिच्यावर माणसं भात लावत आली होती.

तांडेल म्हणाला, मध्ये रिकामं, टोकांनाच गर्दी का?
मी म्हटलं, मधला खडक सरकला, मोकळा झाला.
त्याच्यावरचा ताण गेला, पण जाणार कुठे?
शेजाऱ्यांच्या खांद्यावर.
तो हसला नाही. तीन बहिणींचा थोरला भाऊ आहे.

पहिल्या दिवशी शंभर, तर दुसऱ्या दिवशी पन्नास,
दहाव्या दिवशी दहा: ओसरण्याचा हा नियम जुना आहे
आणि फारसा चुकत नाही.
पण नऊ, दहा, अकरा, तीन दिवस यंत्रच गप्प.
सोलरच्या पाटीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या.
ओरडायच्या तयारीनेच गेले.
बुधीबाईंनी हात धरून चुलीमागची भिंत दाखवली:
कोळशाच्या रेघा, दिवसाला एक ओळ,
भांडं पडलं असेल तिथे फुली.
अकरा, आठ, दहा.
मी फोटो काढला. वहीत लिहिलं: स्रोत, भिंत.
मिरच्यांचं काही बोलले नाही.

दोन महिन्यांनी यंत्र उचलायला गेले
तेव्हा खालच्या ओळी जुळेनात.
विसाव्या दिवशी यंत्रात पाच, भिंतीवर चौदा.
चाळिसाव्या दिवशी यंत्रात दोन, भिंतीवर सोळा,
तेही बहुतेक रात्रीचे.
विचारलं, ह्या कुठल्या?
त्या म्हणाल्या, तुझं यंत्र भुईत पुरलंय, बाय.
मी खाटंवर निजते.

यादीत त्या घेता आल्या नाहीत.
खोलीच्या रकान्यात काय लिहिणार?
दिवाळीला भिंत सारवली, असं तांडेल सांगत आला.
फोटो माझ्याकडे आहे. फाईलला अजून नाव दिलेलं नाही.

परवा रात्री पंख्याची कडी कुरकुरली.
दोन वाजून बारा मिनिटं. रविवार.
समोरच्या प्लॉटवरचं पायलिंगही बंद.
सकाळी विचारलं, तांडेल, कुठे काही?
कुठेच नाही, मॅडम.
मी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी,
पेन्सिलीने एक रेघ मारली. लहानच.